आधीच झिजलेले गुडघे

आमच्या दारासमोर शिंपीणबाई राहतात. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत संसार, आणि संसार म्हणजे त्या एकट्याच. लग्न का केलं नाही विचारलं की म्हणायच्या, "गिऱ्हाइकांचे नवरे बघितलेत ना मी!" अशा बाईने चाळिशीत संस्थेतून मूल दत्तक आणलं, तेव्हा आख्ख्या इमारतीच्या भुवया वर गेल्या. माझ्या तर केसांत जाऊन बसल्या.

मूल कसलं, चिमटीभर जीव. म्हणून मीच नाव पाडलं, चिमटी. पाय सुतासारखे, ठेवले तिथे पडून राहणारे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही पोर उभी राहील याची खात्री देत नाही. बाईंनी ऐकून घेतलं, घरी आल्या आणि कापड बेतायला बसल्या. पहिल्या वाढदिवसापासून पार नोकरीला लागेपर्यंतचे कपडे शिवून आतल्या खोलीत दांडीवर टांगले. प्रत्येक पँटच्या गुडघ्याला दुहेरी कापड.

"अहो, पोर अजून मान सावरत नाही, आणि तुम्ही गुडघे कसले मजबूत करताय?" मी म्हटलं.

"पळणाऱ्या पोरी पडतात, वहिनी."

"आधी उभी तर राहू दे."

"राहील. एवढे कपडे वाट बघतायत म्हटल्यावर आळस करून कसं चालेल तिला?"

यावर बोलायचं ते खाली जाऊन चार घरी बोलले.

पण खरं सांगू, त्या आतल्या खोलीत मला फार वेळ बसवत नसे. लहान्यापासून मोठ्यापर्यंत चढत गेलेली ती कपड्यांची रांग बघितली की वाटायचं, एकच मुलगी पुन्हापुन्हा उभी आहे, फक्त डोकी काढून ठेवलीत. खिडकी बंद असली तरी मधलेच दोन-तीन हलायचे. आणि ओळखीचं माणूस जिन्यात भेटल्यावर आपण हसतो ना, तशी चिमटी त्यांच्याकडे बघून हसायची.

एका दुपारी बाईंनी मला हाक मारली. आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

"हे बघा. आणि आधी हसू नका."

सात वर्षांच्या मापाची पँट होती. गुडघे झिजून पांढरे पडलेले, खाली मातीचा डाग, खिशात खडूचा चुरा.

"भाड्याने देता की काय? मला नाही सांगितलंत ते!"

"कुणाचा हात लागलेला नाही हिला." त्यांनी पँट उलटी केली. आतून गुडघ्याला रफू केलेलं होतं. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. "हा टाका माझा आहे, वहिनी. शेवटची गाठ अशी आडवी मीच मारते. पण हे रफू मी केलेलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "अजून केलेलं नाही."

मी दोन पावलं मागे सरकले. बाई मात्र रडत रडत हसत होत्या. "पळणार आहे हो माझी पोर! पळून पडणार आहे!"

माझी खोड जाते होय? मी दांडीवरचे पुढचे कपडे चाचपू लागले. आठचा फ्रॉक, कोपरं विटलेली. दहाचा, शाईचा डाग. बाराच्या सदऱ्याला चक्क घामाचा वास. तेराच्याला हात लावला आणि थांबले. कोरा. इस्त्रीची घडी जशीच्या तशी. त्याच्या पुढचा कोरा. त्याच्याही पुढचा. मी चटकन हात मागे घेतला, पण बाईंनी बघितलं होतं.

"इथून पुढचे का नाही घातले तिने?"

त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. दांडीवरचं एकही कापड हलत नव्हतं.

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते एकदा उपयोगी पडलं. "का म्हणजे? तेरा वर्षांची घोडी आईने शिवलेलं घालते होय? आमची थोरली मी आणलेला फ्रॉक बघून म्हणाली, आई, तुला छान दिसेल. तुमच्या बाईसाहेबांनाही दुकानातलंच लागणार. गुडघ्यावर फाटलेलं!"

बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"फाटलेलं?"

"पैसे देऊन फाटलेलं."

"शिंपिणीच्या घरात?" बाई खरोखरच चिडल्या. पदर खोचला, कोरे कपडे सगळे उतरवले, बाहेर मशीनपाशी आणून टाकले आणि कात्रीच्या टोकाने उसवायला बसल्या. चिमटीला शेजारी चटईवर ठेवलं. "कापड जपून ठेवते. तेरा वर्षांची झाली की तिलाच विचारीन, काय शिवू."

"आणि नकोच म्हणाली तर?"

"भांडेन की! आईचा हक्क आहे." असं म्हणून त्यांनी लगेच सुरुवातही केली. "काय गं, आईच्या हातचं चालत नाही वाटतं तुला?"

चटईवर चिमटी गाढ झोपली होती. बाई मात्र कात्री थांबवून आतल्या खोलीकडे कान देऊन बसल्या. क्षणभराने त्यांचा चेहरा फुलला.

"उलट उत्तर द्यायचं नाही हं," त्या आतल्या दाराकडे बघून म्हणाल्या, आणि पुढची शिवण उसवू लागल्या.

मला काही ऐकू आलं नाही. आणि या इमारतीत माझ्याइतके तिखट कान कुणाचे नाहीत.