कुंपणापलीकडची नळी

"नळाला पाणी कवा येणार हाय?" आमचा एसीवाला फोनवर एवढंच विचारतो. दर मार्चला चौसाळ्याहून तो पाण्याच्या दिवशीच येतो. म्हैस धुवावी तशी जाळी थोपटत धुतो आणि "वर्षभर झोपलास का बे?" म्हणून एसीलाच रागावतो.

यंदा त्यानं एसीच्या पाण्याची नळी मला न विचारता कुंपणापलीकडं वळवली, शेजारणीच्या सुकलेल्या कढीपत्त्याच्या बुडाशी.

"तिकडं कावून? पाण्यावरूनच भांडलोय आम्ही. बोलणं बंद आहे."

"झाडासंगं कुटं भांडण हाय?" म्हणत त्यानं नळी तारेनं घट्ट बांधली.

काल आभाळ आलं होतं. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, आज एसी लावला न्हाई का?"

मी आत जाऊन लावला.