लहान हात आणि ठासणीचं रिव्हॉल्वर

माझे हात लहान आहेत. बांगड्या भरायला गेले की कासार अजूनही शाळकरी पोरींच्या मापाचा डबा काढतो. कुपवाडच्या पंपांच्या कारखान्यात मला काम मिळालं तेही या हातांमुळंच. पंपाच्या पोटात जिथं पुरुषांचा पंजा शिरत नाही, तिथं माझा शिरतो. त्यामुळं या हातांना कुणी नावं ठेवली की मला राग येतो. दोन वर्षांपूर्वी हा राग आला तो एका रिव्हॉल्वरचा.

वाईला एका ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग चाललं होतं. त्यांना जुन्या ठासणीच्या रिव्हॉल्वरच्या तीन नकला हव्या होत्या. नळी भरीव, गोळी सुटायची सोयच नाही. मागं फक्त दारू भरलेली तांब्याची बारकी टोपी बसवायची. तिच्यावर घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, आपटला की आवाज आणि धूर. मालकांनी ते काम घेतलं, नमुना टेबलावर ठेवला आणि मी दुपारचा डबा खायचा विसरले. असली वस्तू मी कधी उघडून पाहिली नव्हती. नुसता चाप ओढून तिच्यात काहीच होत नाही. आधी अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा, त्याबरोबर चक्र एक घर सरकतं, मग चाप. प्रत्येक बाराला पुन्हा पहिल्यापासून. का बरं कुणी केलं असेल हे असं? आणि ज्यानं केलं, त्याचा पंजा केवढा असेल? कारण माझा अंगठा घोड्यापर्यंत पोचेना. हात वर सरकवला की पोचायचा, पण मग मूठ सुटून नळी डोलायची.

नकला वाईला गेल्या आणि आठवड्यात मालकांना फोन आला. नायिकेच्या बहिणीचं काम करणारी मुलगी सांगलीची होती. हौशी नाटकांत कितीतरी वर्षं धडपडून तिला पहिल्यांदा मोठं काम मिळालेलं. एका प्रसंगात समोरच्या गोऱ्या साहेबाच्या डोळ्यांत बघत तिनं एका हातानं घोडा चढवायचा होता. पण तिचे हात माझ्यासारखेच. घोडा शोधायला दर वेळी तिची नजर खाली जायची. दिग्दर्शकानं सांगितलं होतं, परवा दुपारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तो प्रसंग तिच्या भावाचं काम करणाऱ्या नटाला देऊ.

मी म्हटलं, त्यात काय, कानस मारली की झालं. आमच्याकडं प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. कारखान्यात ठेवलेल्या नमुन्यातली घोड्याची स्प्रिंगपट्टी मी घासून बारीक केली. घोडा लोण्यासारखा मागं यायला लागला. मालकांना बोलावलं, ऐटीत टोपी बसवली, चाप ओढला. नुसतं टक. दुसरी टोपी बसवली, पुन्हा टक. पट्टीचा जोरच गेला होता, टोपी फुटणार कशानं? स्वतःच्या शहाणपणाची मला भयंकर लाज वाटली. उंटावरून शेळ्या हाकू नका, उद्या स्वतः वाईला जा, असं मालक म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

नवी पट्टी चढवून मी नमुना पिशवीतून घरी आणला. नवरा फौजेतून रिटायर झालेला, हात फावड्याएवढे. त्यानं बसल्या बसल्या चार वेळा घोडा चढवून दाखवला आणि अंगठ्याला जोर लाव, एवढा सल्ला दिला. माझ्या अंगठ्याची साल निघाली होती. मी वांगी चिरायला बसले.

विळी पायाखाली धरली, दोन वांगी चिरली आणि हात थांबला. पातं जागचं हलत नव्हतं. हलत होतं ते वांगं. जन्मभर हेच करत आले, पण कधी लक्षात घेतलं नव्हतं. मग घोडा ओढायचाच कशाला?

तशीच उठले आणि रिव्हॉल्वर हातात घेतलं. मुठीवरची खालची दोन बोटं सैल सोडली तर मनगटाच्या हलक्या झटक्यानं नळी वर उठते आणि घोडा अंगठ्याखाली येतो. तिथं अंगठा नुसता अडकवून ठेवायचा आणि बोटं आवळत हत्यार पुढं, खाली न्यायचं. घोडा चढतो. अंगठा काही ओढतच नाही, फक्त जागा सोडत नाही. नळी वर असल्यानं आधीच्या फुटक्या टोपीचे तुकडेही बाहेर पडतात, नाहीतर ते आत अडकून चक्र जाम होतं. म्हणजे करणाऱ्यानंही हे हत्यार ओढायला नव्हे, झुलवायलाच केलं होतं की काय, या कुतूहलानं मी ते वीस वेळा तरी झुलवलं. वांग्याची भाजी त्या दिवशी करपली.

दुसऱ्या दिवशी वाईला पोचले, तर ती मुलगी अंगठ्याला पट्टी लावून एका बाजूला बसली होती. रडून झालं होतं. मी तिला समोर उभी केली.

"अंगठा जागचा हलवू नगंस. हत्यार फुडं जाऊ दे. आन् बघायचं माज्याकडं."

पहिल्यांदा हातातून निसटलं. दहाव्या-बाराव्या वेळी घोडा चढला. मग ती थांबलीच नाही. तासभर तिनं माझ्या डोळ्यांत असं काही बघितलं, की त्या साहेबाची मला कीव आली.

"ताई, मी खाली बघतीय का?"

"न्हाई."

जेवणाच्या सुट्टीआधी शॉट झाला. दिग्दर्शकानं प्रसंग तिच्याकडंच ठेवला.

तो भाग लागला त्या दिवशी घरात सगळे टीव्हीसमोर बसले. मी नवऱ्याला आधीच बजावून ठेवलं होतं, हाताकडं नीट बघा म्हणून. प्रसंग आला आणि पडद्यावर नुसता तिचा चेहरा. हात नाही, रिव्हॉल्वर नाही. घोडा चढल्याचा आवाज आला, बार झाला, कोपऱ्यातून थोडा धूर आला आणि संपलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नवऱ्याला वाटलं, मी खट्टू झाले. "तुजं काम दिसलंच न्हाई की गं," तो हळूच म्हणाला.

"तिनं खाली बगितलं का?"

"न्हाई."

"मग दिसलं की."