परबकाकांचं गाऱ्हाणं

भुताखेतांच्या धाग्यांवर मी आजवर फक्त टिंगल करायला यायचो. देवाला हात जोडतो तेही आई बघत असेल तर. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर खुशाल हसा...

मुलुंड पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचं छोटंसं ऑफिस. सीनियर परबकाका, मूळचे मालवणकडचे. नवीन कोड सर्व्हरवर चढवायच्या आधी ते उभं राहून, गावी देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घालायचे — "बा देवा म्हाराजा, डेटाबेस, पोर्ट, सेटिंगची फाइल, सगळ्यांका सांभाळ. काय वाकडा-नाकडा असात ता सरळ कर रे म्हाराजा!" आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय हा माणूस एंटर दाबायचा नाही. जाम खेचायचो त्यांची. गेल्या वर्षी अटॅकने गेले. मग गाऱ्हाणं कोणी घातलंच नाही.

परवाच्या मार्चमधली शनिवारची दुपार. भांडुपच्या एका डायलिसिस सेंटरचं बुकिंग अॅप नव्या सर्व्हरवर न्यायचं होतं, जुना संध्याकाळी बंद होणार होता. अॅप उठलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुठल्या पेशंटला कधी घ्यायचं हे तिथे कोणालाच कळणार नव्हतं. ऑफिसात मी एकटा, फोनच्या स्पीकरवर बोरिवलीहून मेघना, नुकतीच जॉइन झालेली. माझ्या लॅपटॉपवर अॅप झकास चालायचं, सर्व्हरवर टाकलं की लगेच मरायचं. पार वाट लागली होती.

शेवटी वैतागून उभा राहिलो. मेघनाला म्हटलं, हसू नकोस हां. आणि काकांच्याच चालीत सुरू केलं... डेटाबेस, पोर्ट, सेटिंगची फाइल — तिथेच थबकलो. पासवर्ड असलेली ती फाइल आम्ही पॅकेजमध्ये घालत नाही, सर्व्हरवर वेगळी ठेवावी लागते. लॅपटॉपवर ती होती, सर्व्हरवर मी ठेवलीच नव्हती!

ठेवली. एंटरवर बोट ठेवून उरलेलं गाऱ्हाणं पुरं केलं.

"व्हय म्हाराजा."

मागून. परबकाकांचाच तो घोगरा, खर्जातला आवाज. वळलो तर कोणी नाही, दार आतून लावलेलं. अंगावर काटा आला, पण भीती... खरं सांगतो, नाही वाटली. एंटर दाबलं. अॅप उठलं.

भास म्हणून सोडून दिलं असतं. पण फोनवर मेघना म्हणाली, "तुझ्यासोबत ते काका कोण आहेत रे? त्यांना पण थँक्स सांग." काका गेल्यावर जॉइन झालेली मुलगी ही.

फाइल कशी आठवली ते कळतं. आवाजाचं आजही कळत नाही. आता दर वेळी गाऱ्हाणं मीच घालतो, सगळे "व्हय म्हाराजा" ओरडतात. तरी एंटर दाबायच्या आधी मी जरा थांबतो यार... अजून एक आवाज येतोय का बघायला.