शिट्टीबाईंच्या घरचं पान

पोलीस चौकीत हवालदारबाईंचं खरं नाव कुणी घेत नसे. आधी त्या नुसत्या ‘बाई’ होत्या आणि भाचीनं त्यांना चित्रकथेत घातल्यापासून ‘शिट्टीबाई’ झाल्या.

भाची म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. ती चित्रकथा छापणाऱ्या एका कचेरीत चित्रं काढायची. तिथून दर महिन्याला वादळ्या नावाच्या महाबलीचं पुस्तक निघे. वादळ्या उडायचा, ट्रक उचलून दुष्टांच्या अंगावर भिरकावायचा आणि काम फत्ते झालं की ढगात पसार व्हायचा. पण मागं पडलेल्या काचा, घाबरलेली माणसं, अडकून पडलेल्या गाड्या, हे सगळं निस्तरायचं कुणी? म्हणून भाचीनं एक हवालदारीण काढली. रुंद खांदे, कमरेवर हात, दातांत शिट्टी. ती वादळ्यालाही दम भरायची, “उडायचं तिथं उड बाबा, पण माझ्या चौकात गाड्या उलट्या टाकायच्या नाहीत!” वाचकांनी तिला डोक्यावर घेतलं. वादळ्यापेक्षा तिचीच पत्रं जास्त येऊ लागली.

हे खांदे नि ही शिट्टी कुणाची, ते ओळखायला चौकीला वेळ लागला नाही. गाडीवरचा चालक मोठा वात्रट. रोज सकाळी विचारायचा, “बाई, आमच्या उडत्या दादांना आज कुठं सोडलंत?”

“तुझ्यासारखाच आहे तो. सगळं आवरून झालं की उगवतो.”

बाई कपाळाला आठ्या घालून बोलत, पण नवा अंक आला की चौकीतल्या सगळ्यांच्या आधी त्यांच्या पिशवीत असे.

त्या कचेरीत एक रीत होती. वर्षाच्या खास अंकात सोबतच्या एकेका पात्राला ‘घरचं पान’ मिळे. त्यात एकही शब्द घालायचा नाही. ते पात्र दमून घरी येतं, दार वाजवतं आणि त्याचं घरचं माणूस दार उघडतं, एवढंच दाखवायचं. वादळ्या ज्यांना वाचवतो त्यांना घर असतं, हे वाचकाला कळावं म्हणून. त्या वर्षी पान शिट्टीबाईंचं होतं.

भाची एका बैठकीत पान काढून मोकळी झाली. विचार करायला तिला काही लागलंच नाही. लहानपणापासून त्या घरी ती सुट्टीला जायची. तिथला जिना, दारावरचे सुटलेले रंगाचे पापुद्रे, आतला पिवळा उजेड, सगळं हाताला पाठ. दार उघडणारीही हाताला पाठच होती. लांब नाक, चष्मा डोक्यावर चढवलेला नि तो सापडत नाही म्हणून वैतागलेला चेहरा. ही धाकटी मावशी. रक्ताच्या नात्यानं ती कुणाची कुणीच नव्हती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि ऐन तारुण्यात बाईंच्या घरी राहायला आली ती आलीच. दोघी एकमेकींच्या होत्या, संसार होता. घरच्यांनी आधी तोंडं वाकडी केली, मग हळूहळू तिला ‘धाकटी मावशी’ करून टाकलं आणि विषय मिटवला.

पानावर शाईसुद्धा फिरली होती. संपादकांनी ते बघितलं नि विचारलं, “सुंदर झालंय. ही बहीण का तिची?”

“नाही सर. जोडीदार आहे.”

संपादकांनी पेन्सिल कानावर ठेवली. “म्हणजे आपली हवालदारीण समलिंगी आहे. असू दे, माझी हरकत नाही. पण सगळं गाव ओळखतं ती कोण ते. तिला विचारलंस?”

भाचीनं पान परत हातात घेतलं. तिनं खरंच विचारलं नव्हतं. तिला ते दार म्हणजे नुसतं दार वाटलं होतं.

संध्याकाळी ती पान घेऊन दोघींकडे आली. बाईंनी ते दिव्याखाली धरलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“तुला कुणी सांगितलं होतं घरात शिरायला? रस्त्यावर काय काढायचं ते काढ. इथं काय काम होतं तुझं?”

“चुकलं मावशी. अजून छापलं नाही. तू नको म्हणालीस तर दारात मांजर बसवते.”

“मांजरच बसव.”

देवापुढं हात जोडताना बाईंनी कधी काही लपवलं नव्हतं. देवाला सगळं ठाऊक होतं नि त्याचं काही म्हणणं नसावं, अशी त्यांची खात्री होती. लपवलं होतं ते चौकीपासून. उद्या आपण हुकूम सोडला आणि समोरचा शिपाई गालात हसला तर? इतक्या वर्षांचा दरारा एका पानानं जायचा. भीती काय ती हीच.

धाकटीनं मात्र पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

“माझं नाक एवढं आहे?”

“मावशी, थोडं कमीच काढलंय.”

“चष्मा कुठंय माझा? नीट बघू दे.”

“डोक्यावर,” दोघी एकदम म्हणाल्या.

धाकटीनं चष्मा खाली ओढला आणि बराच वेळ पान बघत राहिली. मग भाचीला म्हणाली, “छान आहे. हिला नको असेल तर शेजारीण म्हणून छाप. तशीही ओळख आहेच माझी.”

बाईंनी मान खाली घातली. मागं एकदा गर्दी आवरताना त्यांचं खांद्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात चौकीची सगळी माणसं भेटायला आली आणि उशाशी बसलेली ही कोण असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाई पटकन म्हणाल्या होत्या, “शेजारीण.” धाकटी मुकाट्यानं उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती. त्यानंतर आजवर त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं तिनं. आज काढलं, तेही हसत.

बाईंनी पान परत स्वतःकडे ओढलं.

“हे चुकलंय,” त्या भाचीला म्हणाल्या. “मी दारात टोपी घालून उभी नसते. दार उघडलं की टोपी हिच्या हातात जाते, रोज. मग मी आत येते. तसं काढ.”

“म्हणजे... मांजर नको?”

“मांजर काय टोपी घेणार आहे हातात? आण ती पेन्सिल, दाखवते कशी धरते ही.”

धाकटी चष्म्याच्या काचा पुसायला लागली. काचा स्वच्छच होत्या.

अंक निघाला त्या सकाळी बाईंनी गणवेशाला इस्त्री जरा जास्तच कडक केली. चौकीत शिरल्या तशी कुजबूज थांबली. त्यांनी पिशवीतला अंक काढला, ते पान उघडलं आणि अंक सगळ्यांच्या मधल्या टेबलावर ठेवला. “कुणाचा बघायचा राहिला असेल तर बघून घ्या. कामाच्या वेळेत चोरून बघायचं नाही.”

त्यांच्या बरोबरीचे एक हवालदार खुर्ची उचलून पलीकडच्या खोलीत गेले. पुढंही ते बाईंच्या शेजारी कधी बसले नाहीत. गेले तर गेले. गस्तीची कामं वाटताना बाईंचा आवाज होता तसाच राहिला आणि समोरच्यांच्या टाचा होत्या तशाच जुळल्या. दोन शिपाई पोरींनी तर अंक वाचायला म्हणून घरी नेला तो परत आणलाच नाही.

चालक तेवढा सकाळपासून गप्प होता. गाडी चौकात आली तेव्हा त्यानं घसा खाकरला.

“बाई, एक विचारू?”

“विचार. उगाच धूर सोडू नकोस.”

“त्यांना आम्ही काय म्हणायचं? उद्या समोर आल्या, तर नुसतं तोंडाकडं बघत उभं राहायचं का?”

बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. आपल्या माणसाला काय म्हणायचं ते चौकीत कुणी विचारील, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

“ताई म्हण,” त्या म्हणाल्या. “आणि तोंडाकडं बघायला हरकत नाही. बघण्यासारखी आहे ती. रविवारी घेऊन येते चौकीत, सगळ्यांना सांगून ठेव.”

समोर एक ट्रक सिग्नल तोडून निघाला होता. बाईंनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि अशी शिट्टी फुंकली की ट्रक जागच्या जागी थांबला.