गाऊनच्या खिशातला चाकू

बाईमाणसानं अंगावर चाकू बाळगायचा म्हटलं तर पहिला प्रश्न धारेचा नसतो, खिशाचा असतो. पुरुषांच्या शर्टाला एक, पँटला चार खिसे. त्यांत ते जुन्या चिठ्ठ्या आणि तंबाखूची पुडी कोंबून ठेवतात. आम्हाला कनवट, नाहीतर ब्लाउज. कनवटीला पन्नासची नोट टिकते, चाकू टिकत नाही. हे कळायला मला वयाची एक्कावन्न वर्षं आणि तीन चाकू लागले.

आमची वस्ती पुणतांब्याच्या अलीकडे, शेतातच. चार गाई, गाईंपुरता मका आणि घास, बाकी पेरूची बाग. आमचे हे पहाटेच टेम्पोत फुलं भरून शिर्डीला जातात, ते जेवायच्या वेळेला परत. मुलगी लग्न होऊन केडगावला गेली. त्यामुळे सकाळभर गोठ्यात मी आणि गाई. शेण, पाणी, वैरण, धारा, परत शेण. सगळ्याच बायका करतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त आता खाली बसलं की उठताना गव्हाणीला धरावं लागतं, आणि उठलं की कशासाठी उठलो ते आठवावं लागतं.

सांगायचंय ते कालवडीचं. आमच्या थोरल्या गाईची ती. जन्मली तेव्हा आईला ताप होता, म्हणून मी तिला बाटलीनं पाजली. त्यामुळे तिला मी म्हणजे दुधाचं दुकान वाटायचे. मोठी झाली, गाभण राहिली, तरी मी जवळून गेले की गाऊनचं टोक तोंडात धरायची. एकदोन गाऊन तिनं चघळून फाडलेही. मी शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तिच्याच बाजूनं जायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, एका सकाळी लाईट नव्हती. वैरण बारीक करायचं कुट्टीचं मशीन बंद, म्हणून मी गोठ्यासमोर बसून कोयत्यानं मका तोडत होते. कालवडीनं कान खाजवायला मागचा पाय वर घेतला. तो गळ्यातल्या दाव्यात अडकला, ती कोलमडली, आणि तिच्याच वजनानं दावं खुंट्यापासून गळ्यापर्यंत तारेसारखं ताणलं. मी कोयता तिथंच पेंढीवर टाकून पळाले. गुडघ्यावर बसले आणि गाठ सोडायला लागले. नायलॉनच्या गाठीला ओढ बसली की तिचा दगड होतो. नखांनी ओढली, दातांनी ओढली. कालवडीची जीभ बाहेर आली. कोयता माझ्या मागं चार पावलांवर होता. ताणलेल्या दाव्याला एक घाव पुरला असता. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. पाहिलं आणि परत गाठीला नखं लावली.

का, तर दाव्याला पातं लावायचं नसतं. सासूबाईंनी मी या घरात आले त्याच आठवड्यात सांगितलं होतं. गाय विकली तर गाय द्यायची, दावं द्यायचं नाही. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, आपण आपलं सोडून आढ्याला अडकवतो. आणि काही झालं तरी दावं कापायचं नाही. "गोठा वस पडंल," त्या म्हणायच्या, म्हणजे ओस, रिकामा. मी तेव्हा मनात हसले होते. बारावी झालेली होते ना मी. पण सव्वीस वर्षं रोज तेच दावं हातानं बांधायचं, हातानं सोडायचं. डोकं हसत राहिलं, हात मात्र सासूबाईंचं ऐकत गेले. त्या जाऊन सहा वर्षं झाली होती. मला अडवायला तिथं कुणी नव्हतं. कालवड मेली ती माझ्यामुळं मेली, हे त्या दिवशीही मला माहीत होतं आणि आजही आहे.

हे आले तेव्हा मी घराच्या ओट्यावर बसले होते. गोठ्यात मला थांबवेना.

"कालवड गेली," मी म्हणाले. "दाव्याचा फास बसला. तोडायला हाताशी काय बी नव्हतं. घरात पळाले कोयता आनायला, तवर..."

एवढं सरळ खोटं मी त्यांच्याशी त्याआधी बोलले नव्हते. हे तसेच गोठ्याकडे गेले, बऱ्याच वेळानं परत आले आणि जेसीबीवाल्याला फोन लावला. दुपारी बांधाच्या कडेला खड्डा झाला. मी गेले नाही बघायला.

बोलले होते ते आता खरं करून दाखवणं आलं. चौथ्या दिवशी मी ह्यांना म्हणाले, "मला एक चाकू पायजे. घडीचा. कायम अंगावर ऱ्हाईल असा."

"आनतो," हे म्हणाले.

पहिला त्यांनी शिर्डीहून आणला. किल्ल्यांच्या कडीला अडकवतात तसला, करंगळीएवढा. त्यातच नखं कोरायचं, त्यातच बाटली उघडायचं. दिसायला गोंडस. ह्यांनी टेम्पोतली सामान बांधायची दोरी खुंट्याला बांधून ताणून धरली आणि म्हणाले, काप. मी घासत बसले. दोरीवर कुसं उभी राहिली, बाकी काही नाही. ह्यांचा हात भरून आला.

"ह्यानं पेरू बी कापायचा न्हाई," मी म्हणाले.

दुसरा आम्ही राहात्याच्या बाजारातून घेतला. बरोबर उलटा. खटका दाबला की वीतभर पातं टणकन बाहेर. दोरी एका झटक्यात तुटली, मी खूश. पण ठेवायचा कुठं? ब्लाउजमध्ये बसेना, वाकलं की बरगडीत टोचे. कनवटीला खोचला तर सरकत सरकत खाली यायचा. एकदा डेअरीवर कॅन उतरवायला वाकले आणि तो सगळ्यांच्या देखत खाली पडला. पडता पडता उघडलाही. रांगेतले दोघेतिघे मागं सरले.

"वैनी, आज कुनाचा नंबर?" दूध मोजणारा म्हणाला.

"फॅट कमी लावलीस तर तुजाच," मी म्हणाले. सगळे हसले. घरी येऊन मी तो चाकू डाळीच्या डब्यात टाकला आणि बराच वेळ चुलीपुढे नुसती बसून राहिले. हसवायची ताकद माझ्यात कुठून येते ते मला कळत नाही.

तिसरा नगरला मिळाला. मुलीकडे केडगावला गेलो होतो, तिथून हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार जाणता होता. त्यानं आधी काम विचारलं, मग म्हणाला, "ताई, हात बघू." मी तळहात पुढे केला. त्यानं काचेवर पाचसहा चाकू मांडले आणि माझ्याच हातानं मापून दाखवलं. पातं चार बोटांच्या रुंदीएवढं पुरे. त्याहून लांब असलं तर घाईत जनावरालाच लागतं, आखूड असलं तर दोरीला ओढ बसत नाही. मिटला की मुठीत मावला पाहिजे आणि मुठीबाहेर बोटभर उरला पाहिजे, नाहीतर खिशातून काढताना सापडत नाही. पात्याला अर्धे दात हवेत, नायलॉनला साधी धार घसरते. आणि लॉक पाहिजेच, नाहीतर ओढताना पातं आपल्याच बोटांवर मिटतं. इतकं नीट मला आजवर कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. डॉक्टरनीसुद्धा नाही.

ह्यांनी एकच प्रश्न विचारला. "वल्या हातानं उघडंल का?" दुकानदारानं पाण्याची बाटली दिली. ह्यांनी हात भिजवला आणि तिथं काउंटरपाशी उभं राहून तो चाकू सातआठ वेळा उघडला, मिटला. मग मला भिजवायला लावला. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. मला ह्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. माणूस माझ्या खोट्यासाठी एवढा जीव लावून चाकू निवडत होता.

घरी आल्यावर मी दोन्ही गाऊनना उजव्या बाजूला खिसा शिवला. परकरालाही एक, आतून, वर बटण लावून. चाकूला नाडी बांधली आणि नाडीचं दुसरं टोक खिशात पिनेनं अडकवलं. तेव्हापासून तो माझ्या मांडीला लागून असतो. वजन काही फार नाही, पण दिवसभर चालताना मांडीवर आपटत राहतो आणि संध्याकाळी तिथं दुखतं. डेअरीवर, दळणाला, हळदीकुंकवाला, सगळीकडे बरोबर. शिर्डीला दर्शनाला गेलो तर तपासणीच्या दारात तो वाजला. पोलीस बाई भली होती, म्हणाली, जमा करा आणि जा आत. माझ्यानं तो सोडवेना. हे एकटे आत गेले, मी बाहेर चपलांपाशी थांबले. तिथं चाकूचं काय काम होतं? ना गाय, ना दावं. पण तो काढून ठेवला तर आपण त्या सकाळीच परत जाऊन बसू, असं काहीतरी मला वाटत होतं. फार थकवा आला होता मला या सगळ्याचा.

खरी गोष्ट अशी होती की चाकू मापाचा मिळाला होता, पण मला माझ्या हाताचा भरवसा नव्हता. रोज वैरण टाकून झाली की मी चाकू उघडायचे आणि थोरल्या गाईच्या दाव्याजवळ न्यायचे, नुसता बघायला. आणि हात आखडायचा. रोज. टेम्पोची दोरी, पोत्याची सुतळी, ठिबकची नळी, काहीही कापायचे मी. दाव्याशी आलं की बोटं सासूबाईंची व्हायची. थोरली गाय तेव्हा परत गाभण होती, सातवा महिना लागलेला. पुढच्या वेळी मी कापीन की परत गाठीशी खेळत बसेन, एवढाच प्रश्न माझ्यापुढं होता, आणि त्याचं उत्तर मिळण्यासाठी एका गाईला मरायला टेकावं लागणार होतं.

ते या उन्हाळ्यात मिळालं. सकाळचीच वेळ, धारा होऊन गेलेल्या. थोरली गाय बसता बसता गव्हाणीच्या कडेवरून घसरली. दावं लोखंडी कडीला एक वेढा बसून आवळलं आणि मान वर अडकून राहिली. एवढं मोठं धूड, पोटात वासरू, पुढचे पाय सिमेंटवर नुसते घसरताहेत. मी पोचले तेव्हा तिचे डोळे पांढरे झाले होते. चाकू खिशातून निघाला, उघडला, सगळं सरावानं झालं. पातं दाव्याला टेकलं आणि हात थांबला.

खरंच थांबला. किती वेळ, सांगता येत नाही. एक श्वास असेल, दोन असतील. मग मी मोठ्यानं ओरडले. सासूबाईंना ओरडले. "पडू द्या वस, आत्याबाई!" असं काहीतरी. आणि ओढलं. दात दाव्यात रुतले, दुसऱ्या ओढीला तुटलं. गाय धाडकन आडवी पडली आणि मला वाटलं, उशीर झाला. मग तिच्या नाकातून घरघर आली, फेस आला, पोट हललं. पाऊण तासानं ती उठली. मी तोवर तिच्या शेजारी शेणातच बसले होते. मला आनंद झाला नाही. वर्षापूर्वी हे इतकंच करायचं होतं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

हे दुपारी आले. कडीला लोंबणारं अर्धं दावं त्यांनी पाहिलं, गाईच्या गळ्यावरून हात फिरवला, वळ बघितले. मग टाकीवर जाऊन हातपाय धुवायला लागले.

"चाकू कामाला आला म्हनायचा," हे म्हणाले.

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "त्या टायमाला बी कोयता हुता. माज्या मागंच पडला हुता. म्या उचलला न्हाई. आत्याबाईंचं आइकत बसले. तुमाला खोटं सांगितलं."

हे तोंडावर पाणी मारत राहिले. मग टॉवेल घेतला.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"कोयता पेंढीवर हुता. म्या आलो तवा."

मला रडू यायला पाहिजे होतं, पण राग आला. वर्षभर मी हे एकटीनं गिळलं होतं. "मग बोलला का न्हाई? तीन-तीन चाकू आनले, नगरला हात भिजवून बघितला, आन म्हाईत हुतं तुमाला?"

"तुला चाकू पायजे हुता. आनला. त्यात काय बोलायचं?" टॉवेल खांद्यावर टाकून ते गोठ्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "आन म्या कुठल्या तोंडानं बोलनार? त्या दिवशी दावं म्या कापलं. त्याच कोयत्यानं. आईचं तर म्या बी आइकलेलं हाय लहानपनापास्नं."

"मेल्यावर कशाला कापलंत?"

टाकीचा नळ नीट बंद झाला नव्हता, तो त्यांनी आवळला.

"ऊब हुती तिच्या अंगात," ते म्हणाले. "मला वाटलं, फास सोडला तर उठंल. बसलो हुतो की मी तितं. लई वेळ."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी ते गोठ्यात गेले होते, उशिरा बाहेर आले होते, आणि इतका वेळ ते काय करत होते हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. मी माझ्या चाकूतच होते.

"जेवता का?" मी विचारलं.

"जेवू," ते म्हणाले. पण जागचे हलले नाहीत, आणि मीही हलले नाही.