मढ्याची चाचणी

त्याला पहिल्यांदा डॉक्टर म्हणून हाक मारली ती सासरेबुवांनी, आणि लगेच दुखरा गुडघा पुढे केला. तेव्हापासून तो दोन्हीकडच्या नातेवाइकांना समजावत आलाय, की मी तो डॉक्टर नव्हे. मी विकरांचा. विकरं म्हणजे एन्झाइम, जिवाच्या आत रासायनिक कामं उरकणारी प्रथिनं. डॉक्टरचा उद्योग त्याच्याही पुढचा: निसर्गात नसलेलं विकर संगणकावर आखायचं, बॅक्टेरियाकडून बनवून घ्यायचं आणि त्याला कामाला लावायचं.

"म्हणजे नोकर ठेवायचा," मावशीने एका वाक्यात निकाल लावला होता. "आमच्याकडे चालत्याबोलत्या माणसांकडून होत नाहीत रे कामं."

पीएचडी झाली, पण कायमची नोकरी नाही, या मधल्या अवस्थेला पोस्टडॉक म्हणतात. माणूस घरातून निघालेला असतो, पोचलेला नसतो, आणि वाटेत भेटेल तो 'कुठवर आलं?' विचारतो. डॉक्टरला लोक तीन वर्षं हेच विचारत होते. बायको आणि मुलगी दुसऱ्या गावात. आता त्याच गावातल्या कॉलेजात कायमची जागा निघाली होती आणि सोमवारी मुलाखत होती. तिथे दाखवायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती: माझं विकर काम करतं. बायको तर कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्याही बघून आली. "एकीत तुझी पुस्तकं, दुसरीत आम्ही दोघी. तू मधल्या दारात बस."

प्रयोगशाळेची चुंबकाची खोली तळघरात होती. किल्ल्या, पाकीट, घड्याळ बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचं आणि जमिनीवरची पिवळी रेघ ओलांडायची. आत तीन पायांवर उभी असलेली स्टीलची भलीमोठी टाकी, तिच्या पोटात द्रव हेलियममध्ये बुडालेलं चुंबक. टाकीच्या डोक्यावर पेन्सिलीएवढी काचेची नळी ठेवली, की ती हवेच्या झोतावर तरंगत हळूच आत उतरते. मग यंत्र नळीतल्या प्रथिनाचा नकाशा काढतं. प्रथिनाच्या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक दुव्याचा त्यात एक ठिपका असतो.

विकरात एक खोबण असते. जो पदार्थ कापायचा तो तिथे शिरला, की खोबणीभोवतीचे ठिपके जागेवरून सरकायला हवेत. आधीचा नकाशा लाल, नंतरचा निळा, आणि एकावर एक ठेवून बघायचं. काहीच सरकलं नाही, तर निळ्याखाली लाल झाकून जातं.

डॉक्टरचं लाल कायम झाकून जायचं. पदार्थ मात्र कापला जात होता, हेही तेच यंत्र दाखवत होतं: आलेखावर पदार्थाचा उंचवटा उतरत होता, तुकड्यांचा चढत होता. काम होतंय आणि काम करणारा जागचा हलत नाही! अशी माणसं कचेऱ्यांमध्ये असतात हे त्याला ठाऊक होतं, प्रथिनाकडून ही अपेक्षा नव्हती. त्याने कारणं जमवली. पदार्थ क्षणभरच शिरत असेल, सैल बसत असेल. एका कोपऱ्यात लाल रंगाची कोर डोकावल्यासारखी वाटली, ती त्याने मोठी करून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली.

"सोमवारी पहिला प्रश्न मढ्याचाच येईल," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. "मढं कुठंय?"

मढं हा बाईंचाच शब्द. विकराचा हुबेहूब जुळा बनवायचा, फक्त ज्याच्या जिवावर काम चालतं असं आपण म्हणतो, तो खोबणीतला एक दुवा बदलून टाकायचा. मग जुळ्याने नुसतं पडून राहायला हवं. तो पडला, तरच आपला तो जिवंत.

"करतोच आहे, बाई."

"वर्षभर करतोयस. अंत्यदर्शनाला तरी बोलावशील ना?"

मंगळवारी दुपारी मढ्याची नळी टाकीत उतरली. तुकड्यांचा उंचवटा चढावा म्हणून तो तीन वर्षं पडद्यासमोर बसला होता. आज चढू नये म्हणून बसला. चढला. आधी आलेखाची नेहमीची थरथर वाटावी एवढा, मग ठसठशीत, अगदी जिवंत भावाच्या चालीने. त्याने नळी बदलली, मिश्रण ताजं केलं, पुन्हा उतरवली.

"डॉक्टर, तुमची पाळी संपली," दारातून चुंबकवाले म्हणाले. यंत्राची देखभाल त्यांच्याकडे होती.

"पाचच मिनिटं."

"पाच मिनिटांत काय होणार आहे?"

"काही होऊ नये म्हणूनच बसलोय."

पण झालं. त्याने दोन्ही भाऊ आणखी एकदा, नव्या पद्धतीने शुद्ध केले, आणि गुरुवारी सगळं उलगडलं. बॅक्टेरियाचं स्वतःचं एक विकर दोघांच्याही गळ्यात पडून नळीत आलं होतं. इतकं किंचित, की नकाशावर त्याचा ठिपकाही उमटेना. कापाकापी सगळी त्याची. डॉक्टरचं विकर शेजारी बसून नाव कमावत होतं. ते किंचित निघून गेल्यावर मढं निमूट पडून राहिलं. जिवंतही.

मढ्याची नळी धुवून फडताळात ठेवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार त्याला तळघराच्या जिन्यात भेटला आणि बाईंच्या दारापर्यंत सोबत आला.

"बाई, मढं चाललं."

बाईंनी चष्मा काढला. "नीट शुद्ध केलंस?"

"केलं. मग पडलं."

"आणि तुझं?"

"त्याच्या शेजारीच."

बाईंना हसू फुटलं, ते अर्ध्यातच थांबलं. "बस," त्या म्हणाल्या. तो उभाच राहिला. "हे आता छापता येणार नाही. आणि तुझा करार वाढवायला मी काय दाखवू, सांग."

त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन लावला. तीन वर्षं ऐकून ऐकून ती निम्मी शास्त्रज्ञ झाली होती.

"अगं, मढं उठून बसलं."

"म्हणजे तुझं मेलं," ती म्हणाली. मागे मुलगी कशासाठी तरी हट्ट करत होती. "सोमवारी मग काय दाखवणार?"

"खरं तेच. की तीन वर्षं बॅक्टेरिया राबले आणि मी भाषणं दिली."

"घेतील?"

"तू घेशील का असा माणूस?"

"मी घेतलाय. माझं सोड." ती हसली नाही. "खोल्यांवाला उद्यापर्यंत थांबतो म्हणालाय. काय सांगू त्याला?"

डॉक्टर भिंतीवर चिकटवलेल्या लाल कोरेकडे बघत होता.

"अरे, आहेस ना?"

"आहे. करतो थोड्या वेळाने फोन."

त्याने भिंतीवरचा कागद काढला, टेबलावर पालथा घातला. मग शुद्ध केलेल्या विकराचे दोन्ही नकाशे पडद्यावर घेतले. इतके रेखीव ठिपके त्याने आजवर पाहिले नव्हते. निळा नकाशा त्याने लालवर ठेवला आणि, सगळं माहीत असूनही, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, लाल कुठे डोकावतंय का ते शोधत बसला.