पावलाचा कागद

बाजाराच्या कोपऱ्यावर, पावाच्या दुकानाला लागून, नेस्तोरची जोडे दुरुस्तीची टपरी आहे. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याच्या पायांकडे बघतो, मग तोंडाकडे. गावात कुणाची टाच कोणत्या बाजूनं झिजते हे त्याला तोंडपाठ. एवढा बारीक नजरेचा माणूस, पण आयुष्यात वाचायचा एकच कागद त्यानं वाचला नाही, आणि त्यानंच त्याचा घात केला.

तो कागद घटस्फोटाचा. सहा वर्षांपूर्वी नेस्तोर आणि त्याची बायको ओरिस्या भांडणतंटा न करता वेगळे झाले. कचेरीतल्या कारकूनबाईंनी सवयीनं लिहून टाकलं की मूल आईजवळ राहील. आमच्याकडे तसंच लिहितात, बापाला विचारायची पद्धत नाही आणि बापानं बोलायचीही नाही. नेस्तोर त्या वेळी खाली वाकून पाच वर्षांच्या लेकीच्या, उस्त्याच्या बुटाची नाडी बांधत होता. उठला, सही केली, पुन्हा वाकला. तीन महिन्यांनी ओरिस्या एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायला इटलीला गेली, आणि उस्त्या बापाकडे राहिली. कागदावर आईजवळ, घरात बापाजवळ. कुणाचं काही अडलं नाही.

आई लांब होती, पण तुटलेली नव्हती. रोज संध्याकाळी फोन यायचा. शिवाय दर वसंतात आणि दर शरदात पावलाचा कागद जायचा. परदेशी कामाला गेलेल्या बायकांच्या घरोघरी हे चालतं. पोराला कागदावर उभं करायचं, पेन्सिलीनं पाऊल काढायचं, आणि तो कागद रविवारी चर्चपुढून इटलीला सुटणाऱ्या छोट्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. तीन आठवड्यांनी त्या मापाचे बूट यायचे. बाप स्वतः जोडेवाला, पण उस्त्याचे बूट घ्यायचा मान ओरिस्याचा. नेस्तोरनं त्यात कधी नाक खुपसलं नाही.

मग लढाई आली, आणि तिच्या तिसऱ्या वर्षी नेस्तोरच्या नावानं भरतीचं बोलावणं आलं. एकट्यानं मूल वाढवणाऱ्या बापाला नेत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. तो बिनधास्त भरती-कचेरीत गेला. तिथल्या माणसानं घटस्फोटाचा कागद उलटून त्याच्यापुढे सरकवला. मूल आईजवळ. मग तू कुणाला वाढवतोस?

नेस्तोरला कुणी भेकड म्हणू नये. त्याचा चुलतभाऊ बंद पेटीतून परत आला होता आणि पेटीला खांदा त्यानंच दिला होता. तो गेलाही असता. पण त्याची आई वारलेली, बहीण नाही, आणि ओरिस्या राहायची त्या घरात तिला जिन्याखालची एक खाट होती, तिथं पोरीला आणायची परवानगी नव्हती. तो गेला तर उस्त्या अनाथगृहात जाणार, एवढा साधा हिशेब होता.

पावाच्या दुकानातल्या स्तेफामावशीचा मुलगा दोन वर्षं खंदकात होता. ती तोंडावर बोलली, "आमच्या पोरांनाही लेकरं आहेत, नेस्तोर." तरी त्याच दिवसापासून गिऱ्हाइकांचे जोडे ती आपल्या दुकानात ठेवून घ्यायला लागली आणि पावाच्या टोपलीखालून टपरीत पोचवायला लागली, कारण भरतीवाल्यांची गस्त रस्त्यातून पुरुष उचलायची, म्हणून नेस्तोर आता फळी लावून आत बसायचा आणि परसातल्या वाटेनं घरी जायचा. माणसं अशी असतात, जिभेनं मारतात आणि हातानं वाचवतात.

नेस्तोरनं एक वकीलबाई गाठल्या, आणि मूल बापच वाढवतो असं कोर्टाकडून ठरवून घ्यायला त्यांनी दावा लावला. ओरिस्यानं इटलीहून लगेच लिहून पाठवलं की मुलीच्या संगोपनात माझा काही भाग नाही. वर शिक्के, सह्या, भाषांतर, सगळं चोख. तिथंच माशी शिंकली. बेपर्वा आई इतके टापटीप कागद कशी पाठवते, असं न्यायाधीशांनी विचारलं. आधीच्या नवऱ्याला वाचवायला दोघांनी संगनमत केलंय, असं म्हणून दावा फेटाळला. खोटे बाप त्या वर्षी पुष्कळ उगवले होते, त्यामुळे सुक्याबरोबर ओलंही जळलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर नेस्तोरनं वकीलबाईंना विचारलं, "पोर तिच्याजवळ असती आणि मी परदेशी असतो, तर तिला कुणी विचारलं असतं का, की बाप कुठाय, पुरावा आण?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "बाप गेला तर गेला. आई गेली तर पुरावा लागतो."

मग त्यांनी खरा रस्ता सांगितला. ओरिस्याचे आईपणाचे हक्क कोर्टाकडून काढून घ्यायचे, मुलीकडे दुर्लक्ष केलं म्हणून. त्यासाठी सहा महिने एकही फोन नाही, एकही बूट नाही. शेवटी बालकल्याण समितीपुढे मुलगी स्वतः बोलेल. तिला काही सांगायचं नाही, कारण अकरा वर्षांची पोर खोटं बोलली की तिचे लाल झालेले कान खरं बोलतात. तोवर भरतीचं बोलावणं लांबवायचं बघते, असंही त्या म्हणाल्या.

नेस्तोरनं टपरीतून ओरिस्याला फोन केला. वकीलबाईंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"बाप इटलीला आला असता तर कमवायला गेला म्हणाले असते," ती म्हणाली. "मी आले तर टाकून गेले. लिही. दारू पिते असंही लिही. पण तिला माझ्याशिवाय ठेव, तुझ्याशिवाय नको ठेवूस."

सहा वर्षांत तिनं त्याला इतकं जवळचं काही म्हटलं नव्हतं. नेस्तोर जोड्यांच्या ढिगात बसून रडला, आणि त्या दिवसापासून उस्त्याला येणारे फोन बंद झाले.

पहिल्या आठवड्यात उस्त्या म्हणाली, आईचा फोन बिघडला असेल. दुसऱ्यात म्हणाली, म्हातारी आजारी असेल. तिसऱ्यात ती फोनजवळ बसायची बंद झाली. नेस्तोर चुलीपाशी बीटचं सार ढवळत पाठमोरा उभा राहायचा, कारण तोंड दाखवायची सोय नव्हती. शरद आला. त्यानं पाऊल काढायचा विषय काढला नाही. पोरीनंच एक दिवस वहीतला कागद फाडला, स्वतः त्यावर उभी राहिली, वाकून वाकून पेन्सिल फिरवली. रेघ वेडीवाकडी आली, अंगठ्यापाशी दोनदा गेली. रविवारी तिनं तो स्वतःच ड्रायव्हरच्या हातात ठेवला.

ड्रायव्हरनं तो पोचवलाही. ओरिस्यानं टपरीत फोन करून कळवलं की बूट घेतलेत, कपाटात ठेवलेत, पाठवू का? एकदाच? नेस्तोर हो म्हणणार होता. मग बाहेर गस्तीची गाडी थांबल्याचा आवाज आला, पलीकडच्या भाजीवाल्याच्या मुलाला नेत होते, त्याची आई गाडीच्या दाराला लोंबकळली होती. नेस्तोर हलक्या आवाजात म्हणाला, "नको."

उस्त्या नऊ रविवार चर्चपुढे उभी राहिली. बस यायची, गोण्या, तेलाचे डबे, पुडकी उतरायची, नावं पुकारली जायची. नेस्तोर चर्चच्या भिंतीआडून बघायचा. दहाव्या रविवारी ती गेली नाही.

समितीपुढं त्या पोरीनं फार काही सांगितलं नाही. लांब टेबलामागच्या बाईंनी विचारलं, आई फोन करते का. करत नाही. काही पाठवते? नाही पाठवत. का बरं, बाळ?

उस्त्या म्हणाली, "मी विसरण्यासारखी असेन."

टेबलामागच्या बाईंनी चष्मा काढला. नेस्तोर खुर्चीतून अर्धा उठला. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि वकीलबाईंनी त्याच्या कोटाची बाही धरून खाली ओढली. तो बसला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच, की तो बसला. त्याची स्वतःचीही समजूत तीच आहे.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. आठवड्याभरातच गस्तीनं त्याला बाजारात हटकलं, आणि त्यानं कोर्टाचा कागद पुढं केला. शिपायानं तो वाचला, आई हक्कांना मुकलेली, असं मोठ्यानं म्हटलं, आणि परत देताना म्हणाला की नशीबवान आहेस. कित्येक महिन्यांनी नेस्तोर पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यानं घरी गेला.

त्या रविवारी बूट आले. नेस्तोरनं ते टेबलावर ठेवले, ओरिस्याला फोन लावून तो शेजारी टेकवला, आणि पोरीला सगळं सांगितलं. कागद, न्यायाधीश, अनाथगृह, कपाटातले बूट. आई एक दिवसही विसरली नव्हती. पडद्यावर ओरिस्या एकेका गोष्टीला होकाराची मान हलवत होती.

उस्त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं," ती म्हणाली.

"हो, बाळा."

"मी बसपाशी उभी राहायचे, तेही?"

नेस्तोरनं भिंतीआडची ती जागा आठवली. "तेही," तो म्हणाला.

तिनं बूट उचलले, तळ उलटून माप पाहिलं, अगदी बापासारखं, आणि परत ठेवले.

"ज्या मुलीला आई आहे तिला दे."

"उस्त्या, तुझ्यासाठीच..."

"तू आता लढाईला जाणार नाहीस ना, बाबा?"

"नाही."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी ती जुनेच बूट घालून शाळेला निघाली. नाड्या तिनं स्वतः बांधल्या. नेस्तोर दारात उभा राहून तिला जाताना बघत होता. उजवा पाय ती बाहेरच्या कडेवर टाकत होती, म्हणजे बूट अंगठ्याला चावत होता, आणि तेही काही आजकालचं नाही, निदान दोन महिने. गावभरच्या टाचा ओळखणाऱ्या त्या माणसाला ते त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं, आणि तिनंही त्याला सांगितलं नव्हतं.